एक दिवसाआड

प्रिय मास्तर,

गिऱ्हाइकं मारतात तीच हाक मारते आहे. दुसरी आज तोंडात येत नाही.

बहिणीकडे मी ठीक आहे. भाचीने तिचा पलंग मला दिलाय आणि स्वतः खाली सतरंजीवर लोळते. तुम्ही म्हणे दुकानात सगळ्यांना सांगताय, बाई रुसून गेलीय, चार दिवसांत येईल. सांगा खुशाल.

तुमच्या मनात वाईट नव्हतं हे मला ठाऊक आहे, आणि त्याचाच जास्त संताप येतो. छातीतल्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन झाल्यावर, तो परत येऊ नये म्हणून ती हार्मोनची गोळी सुरू झाली आणि माझी बोटं आखडली. सुईत दोरा जाईना, काजं वेडीवाकडी व्हायला लागली. भर थंडीत घामाने चिंब व्हायचे आणि तुमच्यावर डाफरायचे. तुम्ही कधी उलटून बोलला नाहीत. रोज सकाळी माझ्या सगळ्या गोळ्या तळहातावर घेऊन उभे राहायचात, मी डोळे मिटून गिळायचे. शेजारणीला कौतुकाने सांगायचे, नवरा असावा तर असा!

मग हळूहळू बोटं मोकळी झाली. गोळी अंगवळणी पडली बाई एकदाची, असं मी म्हणाले तेव्हा तुम्ही गालातल्या गालात हसलात. ते हसू आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. मागच्या पंधरवड्यात कोटाला बटणं लावायला डबी उघडली, तर तळाशी त्याच गोळ्या. एक दिवसाआड गाळलेल्या. जाब विचारला तर गळ्यातली टेपही न काढता तुम्ही म्हणालात, काचत होतं तुला, म्हणून जरा सैल केलं. अहो, मी काय गिऱ्हाइकाचा कोट आहे?

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. म्हणाल्या, आपल्या मनाने गोळी गाळायची नसते. दुखतंय हे कळलं असतं तर त्यावर उपाय होते, दुसरी गोळी बदलून बघता आली असती. दर तपासणीला तुम्ही माझ्या शेजारच्याच खुर्चीत असायचात. मी तोंड उघडायच्या आत तुम्हीच उत्तर द्यायचात, छान चाललंय हो हिचं. खरं सांगितलं असतंत तर काय जीभ झडली असती?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मी रुसून आलेली नाही. आजार परत आलाय, या वेळी मणक्यात. गाळलेल्या गोळ्यांमुळेच आला, असं डॉक्टरीणबाई म्हणत नाहीत. नेमाने घेऊनही कधीकधी येतो म्हणाल्या. म्हणजे तुम्हाला दोष द्यावा तर खात्री नाही, आणि माफ करावं तर तेही होत नाही. सोमवारपासून नवं औषध सुरू होतंय. माझा अजून तुमच्यावर जीव आहे, म्हणून स्पष्ट लिहिते, न्यायला येऊ नका. मला जगायचंय, आणि तुमच्या मायेत ते मला जमणार नाही.

तरीही तुमचीच,
बायको