न खाकरता घरात आलेलं

मामंजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज पहिल्यांदाच तुमच्याशी एवढं सलग बोलतेय. सुनेनं सासऱ्यापुढं किती बोलायचं याचं माप तेव्हा ठरलेलं होतं. मी ते मोडायची आणि तुम्ही हसून सोडून द्यायचात. 'आमची सून जिभेनं तिखट हाय, मनानं न्हाई,' असं पाव्हण्यांना सांगायचात. हे कागदावर लिहितेय, कारण फोनचा भरवसा उरला नाही. परवा बहिणीला नुसतं म्हणाले की गुडघा धरलाय, तर संध्याकाळपासून फोनवर गुडघ्याच्या तेलाच्या जाहिराती सुरू. मेला कान लावूनच बसलेला असतो.

तुम्ही शेतावरून आलात की लिंबाखालूनच खाकरायचात. मी नवी नवरी, मला वाटलं सासऱ्यांना खोकला झालाय. आलं-मिरी घालून काढा करून दिला तर तुम्ही मुकाट्यानं पिऊन टाकलात, आणि सासूबाई आत तोंडात पदर कोंबून हसत होत्या. मग त्यांनी सांगितलं, 'अगं, घरात बायामाणसं कशी बसलेली असत्यात, त्यांना सावरायला येळ नको का?' एकदा भर दुपारी माहेरची आठवण येऊन मी चुलीपुढं रडत बसले होते. तुम्ही खाकरलात, पण मला काही उठवेना. तुम्ही उंबऱ्यापाशी आलात, मागं फिरलात आणि गोठ्यात जाऊन म्हशीशी बोलत बसलात. 'तुजं काय बिनसलंय गं? खा की नीट.' मी तोंड धुतलं, चहा टाकला, कपबशी वाजली, तेव्हा कुठं तुम्ही आत आलात. काय झालं ते विचारलं नाहीत. चार दिवसांनी मीच सांगितलं, तर दुसऱ्या सकाळी मला एसटीत बसवून माहेरी पोचवून आलात.

त्या गोठ्याच्या जागी आता भाडेकरूंच्या खोल्या आहेत, कंपनीत कामाला येणारी पोरं राहतात. तुमचे चिरंजीवही कंपनीतच, शिफ्टमागून शिफ्ट. तुम्ही मांडीवर खेळवलेली नात स्कूटीवरून वाकडला आयटीत जाते. जात होती. चाकणच्या रस्त्यावर ट्रेलर कसे अंगावर येतात ते बघून यांनी आमच्या तिघांच्या फोनमध्ये एक ॲप टाकलं. कोण कुठं आहे ते नकाशावर ठिपक्यानं दिसतं. पोरगी हसून हो म्हणाली. मलाही गंमत वाटायची. ठिपका मोशीला आला की मी तवा ठेवायची, म्हणजे ती दारात येईपर्यंत भाकरी गरम. यांना ॲप टाकायची हौस, बघायला सवड नाही. बघत होते ती मीच.

मग एक दिवस ठिपका वाकडला गेलाच नाही. आळंदीला, इंद्रायणीच्या घाटावर जाऊन थांबला. दुसऱ्या दिवशी तिथंच, तिसऱ्या दिवशीही. डबा रोज न्यायची, संध्याकाळी 'आज काम फार होतं' म्हणायची. नोकरी गेली हे मला तिथंच उमगलं. पण तिनं सांगितलं कुठं होतं? तुम्ही दारातनं मागं फिरलात, मी मात्र न खाकरता पार तिच्या रडण्यात जाऊन बसले होते. आणि नोकरी गेलेली पोरगी रोज एकटी नदीकाठी बसते म्हटल्यावर आईच्या मनात काय काय येतं, ते लिहायलाही हात धजत नाही. यांना सांगावं, तर हे तडक घाटावर जाऊन चारचौघांत ओरडले असते. मी गप्प राहिले.

गप्प राहिले म्हणते, पण जीभ माझीच ना. एका सकाळी डबा देताना बोलून गेले, 'ऊन फार आहे, सावली बघून बस.' ती थबकली. 'ऑफिसात कसलं ऊन, आई?' मी काहीतरी पुटपुटले आणि भांड्यांत हात घातला.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन गेली, तरी दुपारपर्यंत ठिपका घरातच. मला वाटलं ॲप बिघडलं. अंथरूण झटकायला गेले तर तिचा फोन तिच्या उशाखाली. माझ्या नजरेतून सुटायला पोरगी फोन टाकून गेली होती, आणि आता रस्त्यात काही झालं असतं तर आईला हाक मारायचीही सोय नव्हती. चपला घालून आळंदीच्या गाडीसाठी फाट्यापर्यंत गेले. गाडी आली. चढले नाही. तिथं जाऊन तिच्यापुढं उभी राहिले असते तर तिला लपायला जागाच उरली नसती.

संध्याकाळी स्कूटी वाजली तेव्हा जीवात जीव आला. मी तिच्याकडे पाठ करून भाकरी थापत राहिले. म्हणाले, 'बाई, माझा फोन सारखा अडकतो. ते नकाशाचं काढून टाक त्यातनं. बापाच्याही फोनमधलं काढ.' तिनं माझा फोन घेतला, काढलं, फोन परत फळीवर ठेवला. आणि म्हणाली, 'आई, माझी नोकरी गेलीय.' मी वळले. 'अगं बाई, कधी?' असं विचारलं, काहीच ठाऊक नसल्यासारखं. ती रडली, मी पिठाच्या हातांनीच तिला धरलं. नंतर डोळे पुसत म्हणाली, 'आकुर्डीला एका लायब्ररीत बसायचे रोज. अर्ज करत होते.' मी म्हणाले, 'बरं केलंस.' घाट तिनं स्वतःजवळ ठेवला. राहू दे.

हे तुम्हाला पोचायचं नाही, आणि तिच्या हाती लागू द्यायचं नाही, म्हणून लिहून झालं की फाडून टाकीन. एवढंच कबूल करते. आज सकाळी ती निघाली, तेव्हा 'पोचलीस की फोन कर' इतकंच म्हणाले. तिनं केला. कुठनं बोलतेस ते विचारलं नाही. पण ती बोलत होती तोवर मी श्वास धरून, मागं पाण्याचा आवाज येतोय का, तेच ऐकत होते.