नाहूरच्या स्वयंपाकघराची जमीन

सहदेव गवंड्याने स्वयंपाकघराच्या सिमेंटच्या कोब्यावर छिन्नी टेकवली आहे आणि हातोडी वर उचलली आहे. मी त्याला तसेच थांबायला सांगितले. तो म्हणाला, "मास्तर, हात भरून येतो, लवकर लिवा." म्हणून थोडक्यात.

मी, भाऊराव लवू राऊळ, वय एकाहत्तर, मराठीचा निवृत्त शिक्षक, राहणार नाहूर, हे स्वतःच्या हाताने लिहितो. डोके ठिकाणावर आहे. दबाव कोणाचा नाही. आवाज पुष्कळांचा आहे.

१. दोन खोल्यांचे हे बैठे घर माझ्या कमाईचे. माझ्यामागे ते मुलगा चंद्रप्रकाश आणि सून नीला यांचे, समान. पत्नी जानकी नऊ वर्षांपूर्वी वारली. ती असती तर हे पत्र अर्ध्या पानात संपले असते.

२. पोस्टातली बचत मुलगी लता हिला. तिने कधी मागितली नाही, म्हणून.

३. पुस्तके शाळेला द्यावीत. वाळवी लागलेली तेवढी जुने हेडमास्तर कुंडलिकराव यांच्या घरी पोचवावीत. जानकीच्या पहिल्या आजारपणात, मी नोकरीत असताना, त्यांनी माझी रजा नामंजूर केली होती.

४. आता जमिनीचे. कोबा फुटला आहे आणि नवी जमीन हवी, यावर घरात एकमत आहे. एकमत तेवढ्यावरच थांबते.

चंद्रप्रकाश घाटकोपरला प्लॅस्टिकच्या कारखान्यात नोकरी करतो. त्याने तिथून फुलाफुलांच्या नक्षीची प्लॅस्टिकची जमीन गुंडाळून आणली. मी म्हणालो, "ही शंभर वर्षे कुजणार नाही."

"झकास ना, आप्पा! तेच तर पाहिजे."

"फाटल्यावर टाकणार कुठे?"

"नाल्यात. सगळे टाकतात."

त्याला दहावीपर्यंत मी स्वतः शिकवले आहे. दोष माझ्याकडे घेतो.

५. माझे मत शेणाच्या जमिनीला होते. मातीतून येते, मातीत जाते. मे महिन्यात मी आरे कॉलनीतल्या गोठ्यावरून डबाभर शेण बसने आणले. कंडक्टर म्हणाला, "काका, ह्याचं तिकीट वेगळं." ते मी कोब्यावर सारवले. कोकणात आई सारवायची ती मातीवर, हे माझ्या लक्षात राहिले नाही. तिसऱ्या दिवशी पोपडे सुटले. चौथ्या दिवशी एक आमटीत निघाला. शेजारच्या मालनबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मास्तरांनू, शेणाक माती व्हयी. ह्यां सिमेंट आसा." त्या चौथी शिकल्या आहेत. मी बी. ए. आहे.

मग मी नीलाला म्हणालो, कोबा उखडू, माती घालू, चोपू, म्हणजे शेण धरेल. ती जमिनीवर बसून भाकरी थापत होती.

"आणि सारवायचं कोणी?"

"आठवड्यातून एकदाच तर."

"मग आप्पा, आधी हे पोपडे तुम्ही खरवडा. मी बसून बघते. मला कधी नुसतं बसून बघायला मिळालं नाही."

मी गुडघ्यांवर बसलो. पाऊण खोली झाली तेव्हा गुडघे गेले. त्या उंचीवरून ती खोली मी प्रथमच पाहिली. खिडकी दिसत नाही. भिंतीचा खालचा भाग दिसतो, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय. त्या दिवशी माझेच पाय कमी होते, एवढाच फरक. जानकीने तिथे बसून एकतीस वर्षे स्वयंपाक केला. नीलाची अकरा झाली.

६. शाळेची जुनी इमारत पाडली तेव्हा तिच्या शहाबादी लाद्या मी सहदेवच्या हातगाडीवरून आणल्या. मागच्या अंगणात उभ्या आहेत. नव्याने खाण खोदायला नको. चंद्रप्रकाश म्हणतो, "दुसऱ्यांची उतरलेली जमीन आपल्या घरात? लोक हसतील, आप्पा." हसू देत. या दगडांवर चाळीस वर्षे पोरे हसली आहेत.

७. तरी हे माझे मत झाले, आणि ते प्लॅस्टिक चंद्रप्रकाशचे. आम्हा दोघांपैकी त्या जमिनीवर कोणी बसत नाही. आम्हाला ताट बाहेरच्या खोलीत येते. म्हणून लिहून देतो की स्वयंपाकघराच्या जमिनीचा निर्णय एकट्या नीलाचा. तिने प्लॅस्टिक अंथरले तरी मी त्यावर बसून जेवेन आणि शंभर वर्षांचा हिशेब काढणार नाही. अट एकच: माझा सल्ला विचारू नये. मी देईन.

हे वाचून दाखवले तेव्हा चंद्रप्रकाश म्हणाला, "मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं, आप्पा."

बरोबर आहे. म्हणून सातवे कलम मृत्युपत्राचा भाग न समजता जिवंत माणसाचा शब्द समजावा. तो आत्तापासून लागू. नीलाने सहदेवला हातोडी खाली ठेवायला सांगितले आणि उद्या सकाळी यायला सांगितले.

८. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असे वकील म्हणतात. म्हणून सहदेवला माझी छत्री आजच दिली आहे. मालनबाईंना काही नको. त्यांना फक्त आमटीची गोष्ट सगळीकडे सांगायची परवानगी हवी होती. ती दिली.

भाऊराव लवू राऊळ (सही)
साक्षीदार: मालन धोंडू गावकर (सही)
साक्षीदार: सहदेव धोंडिराम कांबळे (सही)
नाहूर, रविवार, २३ नोव्हेंबर १९८६

पाठच्या बाजूस, सोमवार, २४ नोव्हेंबर:

सकाळी सात वाजता सहदेव आला. नीलाने अंगणात जाऊन सर्वांत लांब दोन शहाबादी लाद्या बाजूला काढल्या. म्हणाली, "जमिनीचं नंतर. आधी ओटा बांध."

सहदेवने विचारले, "किती उंच, वहिनी?"

ती कमरेजवळ परात धरून उभी राहिली. म्हणाली, "एवढा."