चौकटीआधी आलेलं कपाट

प्रिय शालूचे बाबा,

तुम्ही गेलात त्याला तेरा महिने झाले. एवढ्या दिवसांत तुम्हाला पत्र लिहावंसं वाटलं नाही, कारण तुमच्याशी बोलणं थांबलंच कुठे होतं? कुकर लावताना बोलत होते, गॅसवाला आला नाही की त्याची तक्रारही तुमच्याकडेच करत होते. पण आज जे सांगायचं आहे, ते भांडी घासता घासता सांगण्यासारखं नाही. काल आपलं काचेचं कपाट घराबाहेर निघालं. सगळंच्या सगळं निघालं, आणि भिंतीची एक वीटसुद्धा पडली नाही!

दचकलात ना? दचकाच.

ते कपाट आपण कसं निवडलं, आठवतं? गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तुमच्या ऑफिसातली कितीतरी माणसं तिकडे गेली आणि तुम्ही भंडाऱ्यातच राहिलात. त्या आनंदात आपण प्लॉटवर घर बांधायला काढलं होतं. त्याच वेळी मोहाडीहून माझा दादा आला. जवाहरनगरच्या बाजारात एक खोली भाड्यानं मिळते आहे, कोसा रेशमाच्या साड्या मी विणून देतो, तू दुकान लाव, म्हणाला. मी विणकराची मुलगी. साडी हातात घेतली की सूत कसं ते सांगणारी. आणि तिथे दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमध्ये देशभरातल्या बायका, दर महिन्याला पगार येणाऱ्या घरातल्या. पण गाठोडं सोडून दाखवलेल्या साड्या त्या घेणार नाहीत, काचेत मांडलेल्या घेतील, हे मी तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही लगेच मान हलवलीत. म्हणून तर आपण तुमसरला त्या जुन्या सामानवाल्याकडे गेलो. कपाट दुकानासाठी होतं हो! घरासाठी नव्हतंच.

राईस मिलच्या बंद गोदामात त्यानं मालगुजारांच्या घरची कपाटं ओळीनं उभी केली होती. तुम्ही दारातच रुमाल नाकाला लावून उभे. मी मात्र एकेका कपाटात डोकं घालून वास घेत होते. वाळवी लागलेल्या लाकडाला पॉलिश कितीही मारा, आतून मातीचा वास येतो. काचेतून पलीकडची खिडकी पाहायची, गज जरा हलल्यासारखे दिसले तर काच जुनी. बोट वाजवून पाहायचं, सागवान आहे की वरून चिकटवलेलं. दुकानदार तुम्हाला म्हणाला, "बाबूजी, बाईंले फसवणं कठीण हाये." तुम्हीही हसलात.

मी एक बुटकं, तीन फळ्यांचं कपाट पसंत केलं होतं. साडीची घडी आडवी मावेल एवढी रुंद फळी, आणि दोन माणसांनी उचलावं एवढंच वजन. तुम्ही हात धरून मला त्या मोठ्यासमोर नेलंत. छताला लागेल एवढं उंच, वर कोरलेली वेलबुट्टी, चार काचेची दारं. तुम्ही म्हणालात, "घ्यायचं तर मोठं घे, मंदा. तुझं दुकान वाढन तेव्हा काय दुसरं घेशील?"

त्या दिवशी एसटीत खिडकीकडे तोंड करून मी रडले होते, तुम्हाला माहीत नाही. माझ्या नवऱ्यानं माझं दुकान माझ्यापेक्षा मोठं पाहिलं म्हणून!

आता सांगा, तेव्हाच तुमच्या मनात काही होतं का?

दुकानाच्या खोलीचा रंग ओला आहे, तोवर कपाट घरी ठेवू, असं तुम्ही सुचवलंत. घराला समोरची चौकट बसायची होती. त्या मोकळ्या जागेतून आठ माणसांनी ते आत आणून बैठकीत उभं केलं. चारच दिवसांनी चौकटीचा मुहूर्त. हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आंब्याची पानं बांधली. चौकट बसली आणि कपाट आत राहिलं. मी टेप लावून पाहिलं तेव्हा हातभर फरक होता. एकदा पूजा करून बसवलेली चौकट हलवायची नसते, घराला बाधतं, असं सासूबाईंनी निक्षून सांगितलं. तुम्ही कपाटाकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "आता निघत नाही ते. घर पाडा लागन."

देवा रे, ते वाक्य! एकवीस वर्षं ऐकलं मी ते. पाहुणा आला, कपाटाची तारीफ केली, की तुम्ही तेच म्हणायचे आणि हसायचे, मी चहा टाकायला आत जायची. कपाटात कपबशा आल्या, शालूच्या ढाली आल्या, प्लॅस्टिकची द्राक्षं आली, तुमच्या निरोपसमारंभाचं घड्याळ आलं. सगळ्यात खालच्या फळीवर दादानं पहिल्या मालासाठी विणलेल्या नऊ साड्या राहिल्या. कोसा एकाच घडीत ठेवला तर घडीवर चिरतो, म्हणून दर वर्षी मी त्या उलगडून नव्यानं घडी घालायची आणि परत तिथेच ठेवायची. त्या खोलीत झाडून काढायला गेले तरी काचेत मीच दिसायची, हातात झाडू.

दुसरं कपाट का घेतलं नाही, असं शालू मोठी झाल्यावर विचारायची. मी म्हणायची, बाबांना विचार. तुम्ही म्हणायचे, एवढं चांगलं घरात असताना? आणि मग तुमचं ते ठरलेलं वाक्य. बाबूची बायको गल्ल्यावर बसते, असं ऑफिसात कोणी म्हणेल याची तुम्हाला भीती होती, हे मला कळत होतं. पण ते तुम्ही कधी तोंडानं बोलला नाहीत, म्हणून मला भांडताही आलं नाही. भांडणार कोणाशी, कपाटाशी?

गेल्या महिन्यात दादाचा फोन आला. तीच खोली पुन्हा रिकामी झाली होती. "आता तरी येतं का वं?" एवढंच विचारलं त्यानं. मी रात्रभर विचार वगैरे केला नाही. काल सकाळी मागच्या गल्लीतल्या सुताराला, नथ्थूजी वाढईला बोलावलं आणि सांगितलं, चौकट काढा. बाधलं तर मला बाधेल, घरात दुसरं आहे कोण?

नथ्थूजींनी चौकटीला नमस्कार केला आणि मागे सरले. मुहूर्ताच्या चौकटीले मी हात नाही लावत, म्हणाले. मग कपाटाच्या मागे हात घातला, चाचपलं, आणि माझ्याकडे असे पाहायला लागले, जसं काही मीच वेडी.

"बाई, चौकट कायले तोडता? हे तर खुलते. चार पाचरी हायेत मागं. शालूच्या बाबाले दाखवलं होतं नं मी, ठेवलं त्याच दिवशी. मले वाटलं, तुमाले मालूम असन."

मी खाली बसले. त्यांनी लाकडी हातोडीनं एकेक टिचकी मारली आणि चारही पाचरी हातात आल्या. वरची वेलबुट्टी उतरली, बाजू सुटल्या, दारं निघाली. तासाभरात ते एवढं धूड अंगणात चादरीवर पडलं होतं.

एक पाचर बोटांनी चोळत नथ्थूजी म्हणाले, "इतक्या सालात लाकूड फुगून जाम होते. याले तर कोनं तरी तेल देऊन राहिलं होतं."

कोणी ते मला लगेच कळलं. दर दिवाळीला तुम्ही बैठकीचं दार लोटून कपाट पुसायचे, आणि वाटीत जवसाचं तेल मागायचे, बिजागरीला म्हणून. ते तेल मीच द्यायची हो! एकवीस दिवाळ्या! म्हणजे तुम्ही पाचरी जाम होऊ दिल्या नाहीत. यंदा सांगू, यंदा सांगू, असं करत होतात का? दार लोटून आत तेल लावत होतात आणि बाहेर मी करंज्या तळत होते. एकदा, एकदा तरी दार उघडून हाक मारायची होती.

मी फार रागावले आहे. तुमच्या फोटोला काल हार घातला नाही, आजही घालणार नाही.

पण काल दिवसभर अंगणातल्या त्या तुकड्यांकडे बघताना एक गोष्ट टोचत राहिली, ती तुम्हालाच सांगते. नथ्थूजी मागच्याच गल्लीत राहतात. इतक्या वर्षांत त्यांनी आपली खिडकी नीट केली, पाट केला, शालूचं टेबल केलं. दर वेळी माझ्या हातचा चहा प्यायले. हे कपाट निघेल का, असं मी त्यांना एकदाही विचारलं नाही. ज्या बाईनं गोदामात प्रत्येक कपाटात डोकं घातलं, तिनं या कपाटामागे एकदा हात घातला नाही! सगळं तुमच्यावर ढकलायला ते मला बरं पडत होतं का? दुकान चाललं नसतं तर, ही भीती मलाही होती. तुम्ही खोटं बोललात, आणि मी ते जपून ठेवलं.

आज सकाळपासून काहीच अडवणारं उरलेलं नाही, आणि मी अजून एकही साडी बांधायला घेतलेली नाही. बैठकीत गेले तर भिंत एवढी मोठी दिसते की तिथे थांबवत नाही. टेम्पो उद्या सकाळी येणार आहे. दादा तिकडे खोली झाडून बसला आहे.

शालूला मी पाचरींचं सांगणार नाही. नथ्थूजींनाही गप्प राहायला सांगितलं आहे. तिचे बाबा तिच्यासाठी आहेत तसेच राहू देत, आपलं भांडण आपल्यात. आणि उद्या मी टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी बसून जाणार आहे, हा माझा तुम्हाला शब्द. निघताना दारात थोडी थांबेन. तुम्ही काहीतरी म्हणाल, याची सवय आहे. कोणी काही म्हणणार नाही, आणि मग मला जावंच लागेल.

तुमची,
मंदा