लाल फक्त एकच चौकट

मलकापूर, गुरुवार, संध्याकाळ

आमच्याकडे कामाला येणाऱ्या हिराबाईच्या नातीचा वसतिगृहाचा अर्ज गेला एकदाचा. आज शेवटचा दिवस होता. काल तो भरताना माझ्याकडून मोबाईल नंबरात एक आकडा राहिला आणि अर्ज पाठवताच ओळी वाढवून भरलेली त्यांच्या घरातली सातही नावं पुसली गेली. वसतिगृहाची वेबसाइट माझ्या सुनेनेच केलेली. तिला सांगितलं, तर लगेच दुरुस्तीला बसली.

आज माझ्याकडून पुन्हा तीच चूक. पण नावं जागच्या जागी, लाल फक्त एकच चौकट, नंबराची. हिराबाई म्हणाली, "आवं बाई, आज माणसं कुटं पळाली न्हाईत."

लहानपणी पाचगणीच्या कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टर चुकलेल्या शब्दाखालीच लाल रेघ ओढायच्या, सगळं पान पुन्हा लिहायला लावत नसत. सुनेला हे मी कधी सांगितलं नव्हतं. तिचं तिलाच सुचलं. आणि मी अजून शाबाससुद्धा म्हटलं नाही? स्वयंपाकघरात आहे ती. उठतेच.