टँकरवरचा गाऊन

मंगळवार, सांजच्याला

डोकं अजून तापलेलंच हाय. माझ्या जुन्या सुती लुगड्याचा सुनंदाला, माझ्या सुनेला, गाऊन शिवला. मोठा खिसा, वरून बांधायला एप्रन, घागर उचलताना भिजू नये म्हणून. एप्रन हा नातीचा शब्द, मी फडकंच म्हणते. लई झ्याक झाला, बघून हसूच येत होतं मला.

सकाळी तोच घालून, खांद्यावर टॉवेल टाकून ती टँकरवर गेली. सोसायटीच्या ओट्यावरनं चेअरमन म्हणला, "वहिनी, झोपेतनं तशाच उठून आलात का?" सगळे हसले. आणि आमचा रामा, माझ्याच पोटचा, तिलाच म्हणतो, "उद्यापासून साडी नेसून जायचं."

का म्हून? ओली साडी पायात येऊन ती मागच्या हप्त्यात पडली, तवा कोण उचलायला आलं? ओट्यावरचे निस्त्या बनियनवर बसतात, त्यांना कोण बोलत न्हाई. बनियनवर, तेबी भोकाच्या.

रामाला म्हणलं, "मग तूच जा घागरी घेऊन."

दुपारभर मशीन हाणली. उरलेल्या कापडात माझ्या मापाचा गाऊन बसला. उद्या टँकरवर सुनेच्या म्होरं मी उभी राहणार. चेअरमन मला मावशी म्हणतो. बघू, मावशीला काय इचारतो ते.