बिनआवाजाचा जनरेटर

कळंब, ता. कर्जत
९ फेब्रुवारी, रविवार

लाडकी मिस्बाह,

सलाम आणि पोटभर दुआ. आम्ही दोघं खुशाल. अम्मीचा गुडघा कुरकुरतो, तोंड मात्र शाबूत. परवा म्हणाली, "चाळीस वर्षं डिझेल हुंगलंत, आता पोरीची पुस्तकं हुंगता?" कारण तू ठेवून गेलेलं हायड्रोजनचं पुस्तक मी डिक्शनरी घेऊन वाचतोय. दिवसाला एक पान, तेही घाम गाळून.

तुझा तो तळहाताएवढा नमुनाही चालवला. बॅटरी लावून पाण्यातून हायड्रोजन काढला, मग बॅटरी सोडून पंखा जोडला. फिरला गं! ना ठिणगी, ना धूर, ना फटफट. मी आपला बघतच बसलो.

काय ती करामत! मध्ये एक पातळ पडदा. हायड्रोजनचं अर्धं अंग त्यातून आरपार जातं, उरलेल्याला वाट नाही. ते बिचारं तारेनं वळसा घालून येतं, आणि येता येता पंखा फिरवून येतं. पलीकडे दोघं हवेला भेटले की पाणी! एका पडद्यात पुरता एक व्होल्टही नाही. म्हणून भाकऱ्यांच्या चवडीसारखे थर रचायचे. आपल्या दवाखान्यात तू बसवलेल्या यंत्रात साठ थर, लाईट गेली की त्यावर लसींचा फ्रिज चालतो. तुझं पुढचं काम होतं त्या मोठ्या इस्पितळाला अशा थरांनी भरलेल्या कपाटांची रांग लागेल. रीत मात्र तीच. केवढी कुदरत अल्लाची, आणि ती माझ्या पोरीच्या हाताखाली!

मिस्बाह, मी आडवळणं घेतोय, तुझ्या ध्यानात आलंच असेल.

यंत्र बसवून तू गेलीस, त्याच्या तिसऱ्या दिवशी लाईट गेली होती. नर्स भाग्यश्रीनं हाक मारली, "चाचा, पानी गळतंय हो यातून. बिघडलं का काय?" मी कान लावला. आवाज नाही, नळीतून टपटप. आमच्या धंद्यात सायलेन्सरातून पाणी आलं की इंजिनच्या जोडातलं गॅस्केट गेलं म्हणून समजायचं. मी नळीचं तोंड सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं करकचून बांधलं. म्हटलं, पोर येईपर्यंत गळती तरी थांबेल.

पुस्तक म्हणतं, ते पाणी बाहेर पडलंच पाहिजे. नाही तर थर बुडतात, हवा आत पोचत नाही. झालंही तसंच. यंत्र गप्प. भाग्यश्रीनं लसींचा डबा स्कूटरवरून कर्जतला पोचवला, म्हणून लसी वाचल्या. तुझे कंपनीचे साहेब तपासणीला यायच्या आधी मी गुपचूप पट्टी सोडली. पाणी निघालं, यंत्र चाललं. आणि त्यांच्या कागदावर चढलं: जोडणीत चूक. इस्पितळाच्या कामातून तुला काढलं.

तू फोनवर म्हणालीस, "अब्बा, माझंच कुठंतरी चुकलं."

मी म्हणालो, "होतं असं, बेटा."

पुस्तक तेव्हा वाचलं नव्हतं, पण पट्टी सोडताच यंत्र चाललं हे डोळ्यांनी पाहिलं होतं. गावात मिस्त्री म्हणून नाव आहे ना माझं. ते नाव पोरीपेक्षा मोठं झालं.

काल तुझ्या साहेबांना सगळं लिहून रजिस्टर पोस्टानं धाडलं. खाली माझी सही, भाग्यश्रीची साक्ष. तिनं वाचून एवढंच विचारलं, "चाचा, मिस्बाहताईला सांगितलं काय?" म्हणून आज हे पत्र लिहायला बसलो.

ते तुला परत घेतील का, ठाऊक नाही. तू रागव. महिनाभर बोलू नकोस, तेही सोसेन. पण ती जोडणी मनात पुन्हा पुन्हा तपासत बसू नकोस. ती बरोबर होती. पहिल्या नटापासून शेवटच्या तारेपर्यंत.

जी चूक तू उचललीस, तिचा धनी,
तुझा अब्बा
झहीर