सहावा सोडून

४ फेब्रुवारी, रविवार

पहिला अल्बम आज चौथ्यांदा ऐकला. आता पुढचा कुठला, हा प्रश्न आहे. एकूण नऊ आहेत. सत्तेचाळिसाव्या वर्षी एका जुन्या रॉक बँडच्या नादी लागले आहे — नवरा म्हणतो, यापेक्षा विणकाम बरं, निदान स्वेटर तरी पदरात पडतो.

सगळा दोष ठोक्याचा. लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, दातांच्या कॅपा करतो आणि दिवसभर मेणाच्या सुरीने टेबलावर ताल धरतो. मी कवळ्या करते. एकाग्रतेचं काम. गेल्या महिन्यात वैतागून विचारलं, हे रोज काय ठोकतोस? त्याने इअरफोन माझ्या कानात कोंबला. दोन ओळी ऐकल्या आणि हातातला साचा खाली ठेवला. हे तर आमच्या घरातलं गाणं! आई भाजी निवडताना गुणगुणायची. शब्द सगळे चुकीचे, चाल अगदी बरोबर.

आईला जाऊन दोन वर्षं होतील. तिची एखादी नवी गोष्ट अशी अचानक हाताला लागेल असं वाटलं नव्हतं.

६ फेब्रुवारी

ठोक्या म्हणतो चौथा घे. "चौथ्यात त्यांना कळलंय की आपण कोण आहोत." फोनवर शोधलं तर सगळ्या याद्यांत सहावा वर. नवरा म्हणतो, एकानंतर दोन येतात, तुम्हा लोकांना एवढं कळत नाही?

रविवारी बाबांना विचारते. रेकॉर्डी त्यांच्याकडेच आहेत.

११ फेब्रुवारी, रविवार

बाबा खूश झाले. वरकरणी काही दाखवत नाहीत, पण प्लेअरवरचं कापड काढलं, घडी घातली, परत उलगडली, परत घडी घातली. बेचाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या त्यांनी. अजून रेकॉर्ड ऐकताना स्पीकरच्या लाकडी खोक्यावर तळहात ठेवतात. म्हणतात, कानाला कळायच्या आधी हाताला कळतं.

विचारलं, "पुढचा कुठला ऐकू?"

"सगळे ऐक. सहावा सोडून."

"का? लोक तर म्हणतात तोच—"

"लोकांना काय. बकवास आहे. माझ्याकडे नाहीच तो."

खरंच नाही. फळीवर आठच आहेत. पाचव्यानंतर एकदम सातवा.

दुसरा ऐकला. बाबांना दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं पाठ आहे. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

१८ फेब्रुवारी, रविवार

तिसरा. हा जरा डोक्यावरून गेला. सतरा मिनिटांचं एकच गाणं, मध्ये नुसता ऑर्गन. बाबा म्हणाले, "धीर धर. पहिल्यांदा तुझ्या आईनेही तोंड वाकडं केलं होतं." पहिले पाच अल्बम दोघांनी मिळून घेतले — दुकानात उभं राहून, आधी ऐकून, भांडून. पाचव्या वेळी आई रुसून दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली होती म्हणे. हसले. आई गेल्यापासून त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

निघताना दारात म्हणाले, "तू सात वर्षांची असताना मी तुझ्या वेण्या घालायचो, आठवतं?"

आठवतं तर! आई त्या वर्षी दुसऱ्या गावी ग्रंथपालाचा कोर्स करायला गेली होती. आठ महिने. बाबांच्या हाताला वायर वळायची सवय. वेण्या अशा घट्ट की भुवया वर ओढल्या जायच्या. वर्गात सगळे म्हणायचे, ही सारखी दचकलेली का दिसते.

आई कोर्स अर्धवट सोडून परत आली. पुढे कधी नोकरी केली नाही. माझ्यासाठी सोडला, असं मी सगळ्यांना सांगत आले.

२२ फेब्रुवारी



बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन काल झालं. आज तपासायला बोलावलं होतं. मावशी त्यांना घेऊन गेली, मी घर आवरायला थांबले. प्लेअरची सुई गेल्या वेळी खरखरत होती, म्हणून बाबांना फोन करून विचारलं, नवी कुठे आहे? "हत्यारांच्या पेटीत असेल. थांब, मी आल्यावर काढून देतो." थांबले नाही. मदत करायला निघाले होते ना मी.

पेटीत वरच्या कप्प्यात सुया. कप्पा उचलला तर तळाशी तपकिरी कागदात गुंडाळलेलं चौकोनी काही. सहावा अल्बम. करडं कव्हर, मधोमध एक रिकामी खुर्ची. आतल्या पाकिटावर शाईने लिहिलेलं —

"पहिली बाजू ऐकली. दुसरी तू इथे कायमचं राहायला येशील तेव्हा. दोघं मिळून."

खाली सही नाही. तारीख आहे. मी सात वर्षांची होते त्या वर्षीचा जून. आई जुलैत गेली.

अक्षर आईचं नाही. आईचं तिरकं आणि घाईचं. हे गोल, सुबक, एकेक अक्षर मांडून ठेवल्यासारखं. बाईचं अक्षर.

म्हणजे आई जायच्या आधीपासूनच होतं. ती तिकडे वसतिगृहातल्या खाटेवर पुस्तकं घेऊन बसलेली, आणि हे इकडे माझ्या वेण्या घालून, मला शाळेत सोडून —

"माझ्याकडे नाहीच तो."

२३ फेब्रुवारी

नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, "चाळीस वर्षं झाली. आई नाहीत. आता उकरून काय मिळणार?" त्याला सोपं आहे.

चीड कशाची येते? दुसऱ्या बाईची नाही. त्या वेण्यांची येते. आयुष्यभर लोकांना कौतुकाने सांगितलेली गोष्ट. नवऱ्याला पहिल्या भेटीत सांगितली होती.

२५ फेब्रुवारी, रविवार

रेकॉर्ड घेऊन गेले. बाबा काळा चष्मा लावून खुर्चीत बसले होते, चौथा अल्बम काढून ठेवलेला. मी त्याच्यावर सहावा ठेवला.

 बाबांनी चष्मा काढला. "पेटीतून?"

"पेटीतून. कोण होती ती?"

"आता कशाला ते."

"आई तिकडे एकटी राहून शिकत होती. आणि तुम्ही इथे."

बाबा माझ्याकडे बघत नव्हते, रेकॉर्डकडेही नाही. म्हणाले, "हो."

"हो म्हणजे?"

"तू म्हणतेस तेच. चूक झाली. नाव विचारू नकोस."

"आईला माहीत होतं?"

"तुझ्या आईला सगळं माहीत होतं."

इतक्या शांतपणे! एक सबब नाही, एक शब्द जास्त नाही. बाबा ओरडले असते, त्यांनी नाकबूल केलं असतं, तर मी कदाचित घरी येऊन रडले असते आणि संपलं असतं. पण तो थंडपणा बघून डोकंच फिरलं. मी म्हणाले, "मग तिच्या शेवटच्या दिवसांत तिचे पाय दाबत बसायचात, ते काय होतं? परतफेड?"

बाबांनी चष्म्याच्या काड्या मिटल्या.

मी भिंतीवरून आईचा फोटो काढला. "हा इथे राहायचा नाही."

तेव्हा मात्र बाबा उठले. हात पुढे केला. मग हात खाली घेतला आणि परत बसले. डोळ्यातून पाणी येत होतं, ऑपरेशनचं की कशाचं कोण जाणे. मी त्यांच्या डोळ्यात थेंब न घालताच निघाले.

२६ फेब्रुवारी

दिवसातून चार वेळा थेंब. मावशीला निरोप ठेवला की मला जमणार नाही, तू घाल. कारण सांगितलं नाही.

२८ फेब्रुवारी

ठोक्याला म्हटलं, सहावा लाव. जेवणाच्या सुट्टीत दोघांनी एकेक इअरफोन घेऊन ऐकायला घेतला. मधे एकदाही त्याने टेबल ठोकलं नाही.

बकवास नाही. नऊ काय, नव्वद अल्बम काढले तरी असा एखादाच जमेल. पाचव्या गाण्याला दुसरी बाजू सुरू झाली आणि मी उठून प्लास्टरच्या खोलीत गेले.

म्हणजे तेही खोटं.

३ मार्च, रविवार

गेले नाही. दुपारी बाबांचा फोन.

"डोळा बरा आहे," म्हणाले. मी विचारलं नव्हतं.

"बरं."

"तेवढा फोटो आणून दे."

"कशाला?"

"सवय आहे गं."

"चाळीस वर्षांपूर्वी कुठे गेली होती सवय?"

 त्यांनी फोन ठेवला.

फोटो आमच्या बैठकीत लावलाय, दारासमोर. येताजाता आईला सांगते — मी आहे तुझ्या बाजूने. तुझ्या वाट्याला एवढं आलं आणि कुणाला कळूही दिलं नाहीस. कोर्स सोडलास, परत आलीस, त्या माणसाला चाळीस वर्षं चहा करून दिलास.

७ मार्च

एका आजोबांच्या कवळीत समोरचे दोन दात उलटसुलट बसवले. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. ठोक्याने डिलिव्हरीच्या आधी पाहिलं म्हणून वाचले. "घरी काय झालंय?" म्हणाला. "पुढचा कुठला ऐकतेयस?" कुठलाच नाही म्हटलं.

१० मार्च, रविवार

मावशीला फोन केला. ती दोन आठवडे थेंब घालतेय, तिला कळायला हवं कुणाला घालतेय ते. सगळं सांगितलं. रेकॉर्ड, अक्षर, जून महिना, बाबांचा "हो".

 ती म्हणाली, "ते स्वतः हो म्हणाले?"

"स्वतः."

"आणि फोटो तू काढून नेलास."

"नेला."

"माझं दुकान बंद ठेवते उद्या. नाही, परवा येते. फोनवर नको."

तिलाही धक्का बसला असणार. ती बाबांना किती मानते.

१२ मार्च

मावशी दुपारी लॅबवर आली. बाहेर जिन्यात बसलो. तिने माझा हात धरून ठेवला होता, सोडला नाही.

"कोर्स वगैरे काही नव्हतं गं. ताई गेली होती. ज्याच्या दुकानातून हे दोघं रेकॉर्डी घ्यायचे, त्याच्याकडे. त्याने दुसऱ्या गावी दुकान टाकलं होतं. आठ महिने. तुला काय सांगायचं, तर कोर्स म्हणून सांगितलं — तुझ्या बाबांनीच सुचवलं. मग एक दिवस तिचं पत्र आलं. आणायला मी आणि ते गेलो. मला वाटलं होतं, बोलतील, ओरडतील. त्यांनी फक्त तिची पिशवी उचलली. तू म्हणतेस ती रेकॉर्ड पिशवीत होती, अक्षर त्याचं. ताई म्हणाली, टाकू नका. त्यांनी नाही टाकली."

सुट्टी घेऊन घरी आले. आई दारासमोर हसत होती. फोटो उतरवला, जुन्या चादरीत गुंडाळला. मला बघवत नाही. बाबांना हवा आहे.

रिक्षा खाली उभी आहे.